ब्रिटनची दीडशे वर्षांची मुदतवाढ

2022 साली भारतीय अर्थव्यवस्थेने एकूण आकारमानात ब्रिटनला मागे टाकून जगात पाचवे स्थान मिळवले, तेव्हा आपल्याकडे त्या बातमीचे झालेले स्वागत समजण्यासारखे होते. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्या पुढे, आकड्यांत का होईना, गेल्याचे समाधान कोणाला होणार नाही? मात्र दरडोई उत्पन्नात ब्रिटन तेव्हा भारताच्या सुमारे वीसपट पुढे होता आणि तो फरक आजही फारसा कमी झालेला नाही, हे त्या समाधानात नजरेआड झाले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ब्रिटनची घसरण भारताच्या किंवा चीनच्या उदयाने सुरू झालेली नाही. तिची सुरुवात शोधायची तर महाराणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात, म्हणजे साम्राज्य वाढतच होते आणि लंडन जगातले सर्वांत श्रीमंत शहर होते त्या काळात, जावे लागते.

ब्रिटन आज गरीब देश नाही. जगातल्या पहिल्या सहा अर्थव्यवस्थांत त्याची गणना होते, त्याच्या विद्यापीठांत जगभरातून विद्यार्थी जातात आणि वित्त, विमा, कायदा यांसारख्या सेवांच्या निर्यातीत अमेरिकेनंतर त्याचाच क्रमांक लागतो. 1870 च्या सुमारास जगातल्या कारखानदारी उत्पादनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका लहानशा बेटावर होत होता. ती स्थिती कायम टिकणारी नव्हती, इतर देशांत यंत्रे आली की हा वाटा घटणारच होता, आणि त्याबद्दल कोणी शोक करण्याचे कारण नाही. खरा प्रश्न असा आहे की ज्या जर्मनीशी, फ्रान्सशी किंवा नेदरलँड्सशी ब्रिटनची तुलना व्हावी त्यांच्याही तो मागे का पडला, 2008 नंतरची सुमारे दीड दशके तिथल्या सामान्य नोकरदाराचे खरे वेतन जागच्या जागी का थांबले, आणि स्थैर्यासाठी जगभर वाखाणल्या गेलेल्या संसदीय राज्यपद्धतीने 2016 ते 2024 या आठ वर्षांत सहा पंतप्रधान का पाहिले. याची उत्तरे देणारे लोक सहसा आपापल्या राजकीय कलानुसार एकेक गुन्हेगार उभा करतात. कोणी कामगार संघटनांकडे बोट दाखवतो, कोणी मार्गारेट थॅचर यांच्याकडे, कोणी युरोपीय संघाकडे, कोणी ब्रेक्झिटकडे. माझ्या मते या सर्वांच्या मुळाशी एक समान धागा आहे. ज्या ज्या वेळी ब्रिटनला आपली उत्पादनव्यवस्था मुळापासून नव्याने उभारण्याची गरज पडली, त्या त्या वेळी त्याच्या हाताशी कुठले ना कुठले सोपे उत्पन्न होते. त्या उत्पन्नाने मुदतवाढ मिळत गेली आणि कष्टाचे काम पुढच्या पिढीवर ढकलले गेले.

पहिली मुदतवाढ साम्राज्याने दिली. 1856 मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या लंडनच्या मुलाने क्विनीन बनवण्याच्या खटपटीत डांबरापासून जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांच्या उद्योगाचा जन्म झाला. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत हा उद्योग बायर, होक्स्ट, बीएएसएफ या जर्मन कंपन्यांच्या ताब्यात गेला, कारण जर्मनीत प्रयोगशाळा, तंत्रविद्यालये आणि कारखाने यांची साखळी तयार झाली आणि ब्रिटनमध्ये ती झाली नाही. 1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा सैन्याच्या खाकी गणवेशाला लागणाऱ्या रंगासाठीसुद्धा ब्रिटन ज्याच्याशी लढायचे त्याच शत्रूवर अवलंबून होता. पोलादाची कथा याहून बोलकी आहे. मोठ्या प्रमाणावर पोलाद बनवण्याची बेसेमरची पद्धत इंग्लंडमधली, आणि फॉस्फरसयुक्त खनिजापासून चांगले पोलाद काढण्याची गिलख्रिस्ट-थॉमस पद्धत 1870 च्या दशकाच्या अखेरीस वेल्समध्ये सिद्ध झालेली, परंतु तिचा सर्वाधिक फायदा लोरेनच्या खाणी ताब्यात असलेल्या जर्मनीने उचलला. 1913 पर्यंत जर्मनीचे पोलाद उत्पादन ब्रिटनच्या दुपटीहून अधिक झाले होते.

कापडाच्या बाबतीत तर आपल्यालाच साक्ष देता येईल. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी सूत कातण्याच्या जुन्या म्यूल चात्या आणि साधे माग सोडले नाहीत, आणि यामागे निव्वळ आळस होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले कुशल कारागीर होते, बारीक सुतासाठी म्यूल चांगला होता, आणि सूतकताई व विणकाम वेगवेगळ्या मालकांकडे असल्यामुळे एकाने यंत्र बदलून दुसऱ्याला फायदा होत नव्हता. तरीही एक गोष्ट उरतेच. जमशेटजी टाटा यांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलने 1880 च्या दशकातच म्यूलऐवजी नव्या पद्धतीच्या रिंग चात्यांचा प्रयोग करून पाहिला होता, आणि पुढे मुंबईच्या व जपानच्या गिरण्या त्याच वाटेने गेल्या. लँकेशायरला तशी निकड भासली नाही, कारण त्याच्याकडे भारताची बाजारपेठ होती आणि ती राखण्यासाठी सरकार होते. आयात मालावरील जकातीचा लाभ भारतीय गिरण्यांना मिळू नये म्हणून 1896 पासून आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला गेला आणि तो 1925 पर्यंत चालू राहिला. या कराने मुंबईच्या गिरणगावाचे नुकसान केले हे आपण शाळेत शिकतो. पण स्पर्धेपासून मिळालेल्या संरक्षणाने लँकेशायरचेही नुकसान केले हे सहसा कोणी सांगत नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानी आणि भारतीय कापड आले आणि ती बाजारपेठ हातची गेली, तेव्हा बदलायला ना भांडवल उरले होते ना वेळ. 1950 चे दशक संपण्याआधीच ब्रिटन निर्यातीपेक्षा अधिक सुती कापड आयात करू लागला होता.

दादाभाई नौरोजी 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून संसदेत निवडून गेले आणि भारतातून होणारा संपत्तीचा निचरा त्यांनी ब्रिटिशांच्या दारातच मांडला. त्यांच्या मांडणीत भारताचे दारिद्र्य केंद्रस्थानी होते आणि ते योग्यच होते. पण त्या निचऱ्याने ब्रिटनचे काय केले, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. भारत ताग, कापूस, चहा, धान्य जगाला विकून जे परकीय चलन कमावत होता, त्याच्या आधारावर ब्रिटन अमेरिकेशी आणि युरोपशी असलेल्या व्यापारातली आपली तूट भरून काढत असे. त्यामुळे न्यूयॉर्कच्या किंवा हँबर्गच्या बाजारात ब्रिटिश माल खपत नाही, हे दुखणे ताळेबंदात दिसतच नव्हते. भारतीय रेल्वेची इंजिने ग्लासगो आणि मँचेस्टरहून येत राहिली. दुसरीकडे 1914 च्या सुमारास ब्रिटनची परदेशातली गुंतवणूक 4 अब्ज पौंडांच्या घरात पोहोचली होती. अर्जेंटिनाचे लोहमार्ग, कॅनडाचे रोखे, मलायाचे रबर यांत गुंतवलेल्या पैशाचे व्याज लंडनच्या खातेदाराला घरबसल्या मिळत असताना बर्मिंगहॅमच्या नव्या कारखान्यात पैसा घालण्याची जोखीम त्याने कशासाठी घ्यावी?

असा खातेदार आणि त्याचा बँकर यांच्या सोयीने देशाचे धोरण ठरू लागले, याचा सर्वांत ठळक पुरावा 1925 चा आहे. अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी पौंड पुन्हा सुवर्णाशी आणि तेही युद्धापूर्वीच्या 4.86 डॉलर या दराने जोडला. त्या दराने ब्रिटिश कोळसा आणि कापड परदेशात महाग झाले, खाणमालकांनी भरपाईसाठी मजुरांच्या वेतनाला हात घातला, आणि पुढच्याच वर्षी सार्वत्रिक संप झाला. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी हा दर चुकीचा असल्याचे त्याच वेळी बजावले होते. 1931 मध्ये सुवर्णमानक सोडावेच लागले. पौंडाची प्रतिष्ठा आणि कारखान्याचे हित यांच्यात निवड करायची वेळ आली की लंडनने पौंड निवडायचा, ही सवय मात्र तेव्हा सुटली नाही आणि नंतरही चाळीस वर्षे सुटली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरची स्थिती खरोखर बिकट होती. देश जिंकला होता आणि दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. एकट्या भारताचेच 1 अब्ज पौंडांहून अधिक देणे त्याच्या अंगावर होते. 1946 मध्ये अमेरिकेकडून 3.75 अब्ज डॉलरचे कर्ज घ्यावे लागले, ज्याचा शेवटचा हप्ता 2006 च्या अखेरीस फिटला. अशा परिस्थितीत क्लेमंट ॲटली यांच्या मजूर सरकारने 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी केली, ही त्या देशाच्या इतिहासातली मोठी कामगिरी आहे आणि घसरणीचे खापर तिच्यावर फोडणाऱ्यांशी मी सहमत नाही. आरोग्यावर खर्च करणारे युरोपातले इतर देश याच काळात ब्रिटनपेक्षा वेगाने वाढत होते. ब्रिटनला महाग पडले ते जागतिक सत्ता म्हणून मिरवणे. युरोपच्या पुनर्बांधणीसाठी अमेरिकेने आखलेल्या मार्शल योजनेतली सर्वांत मोठी रक्कम ब्रिटनला मिळाली, पण तो देश त्याच वेळी अण्वस्त्रे बनवत होता, सुएझच्या पूर्वेला सैन्य ठेवत होता आणि पौंड हे जगाचे राखीव चलन राहावे म्हणून धडपडत होता. 1944 च्या शिक्षण कायद्यानंतरच्या रचनेत कल्पिलेल्या तांत्रिक माध्यमिक शाळा मात्र नावापुरत्याच निघाल्या. 1950 मध्ये फ्रान्सने कोळसा व पोलाद यांच्या संयुक्त युरोपीय व्यवस्थेचा प्रस्ताव मांडला तेव्हा ब्रिटन बाहेर राहिला, आणि अकरा वर्षांनी युरोपीय समुदायाचे दार ठोठावले तर फ्रान्सचे अध्यक्ष चार्ल्स द गॉल यांनी ते 1963 आणि 1967 असे दोनदा बंद केले. मधल्या काळात 1956 मध्ये सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर केलेल्या स्वारीत अमेरिकेने पौंडाला आधार नाकारताच सैन्य माघारी बोलवावे लागले. चलन 1949 मध्ये 4.03 डॉलरवरून 2.80 वर आणि 1967 मध्ये 2.40 वर आणावे लागले. ज्या पौंडासाठी कारखान्यांची आबाळ केली तोही टिकला नाही.

या टप्प्यावर कामगार संघटनांचा मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. एकाच जहाजबांधणीच्या आवारात डझनभर संघटना, प्रत्येकीची हद्द वेगळी, कोणी भोक पाडायचे आणि कोणी खिळा ठोकायचा यावरून संप, ही वस्तुस्थिती होती. 1974 च्या सुरुवातीला विजेअभावी कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवावे लागले, 1975 मध्ये महागाईने 26 टक्क्यांची पातळी ओलांडली, आणि 1976 मध्ये एकेकाळी जगाला कर्ज देणारा हा देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभा राहिला. 1978-79 च्या हिवाळ्यातल्या संपांनी जनतेचा संयम संपवला. तरीही सारा दोष कामगारांच्या स्वभावावर टाकणाऱ्यांनी संडरलंडचे उदाहरण पाहावे. ब्रिटिश व्यवस्थापनाखालच्या ब्रिटिश लेलँड या मोटारकंपनीचा बोजवारा उडाला आणि 1975 मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण करावे लागले. 1986 मध्ये निस्सान या जपानी कंपनीने ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलंडला, जुन्या खाणी आणि गोद्या बंद पडत चाललेल्या भागात, मोटारींचा कारखाना काढला आणि तिथल्याच लोकांना कामावर घेऊन तो युरोपातल्या सर्वांत कार्यक्षम कारखान्यांपैकी एक करून दाखवला. माणसे तीच होती. यंत्रे, प्रशिक्षण आणि साहेबांची वागणूक बदलली होती.

दुसरी मोठी मुदतवाढ उत्तर समुद्राच्या तळाशी सापडली, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या कथेतला सर्वांत क्लेशदायक भाग हाच आहे, कारण या वेळी पैसा खरोखर हातात होता. 1975 मध्ये तेल वाहू लागले आणि 1980 च्या आगेमागे ब्रिटन तेलाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. तेलामुळे आणि थॅचर सरकारच्या चढ्या व्याजदरांमुळे पौंड 1980 मध्ये 2.40 डॉलरच्या वर गेला. निर्यातदार कारखाने, चांगले आणि वाईट दोन्ही, त्या दराखाली चिरडले गेले. अवघ्या दोन वर्षांत कारखानदारी उत्पादन सुमारे सातव्या हिश्शाने घटले आणि 1982 च्या सुरुवातीला बेकारांची संख्या 30 लाखांवर गेली. जगण्यालायक नसलेले कारखाने बंद होणे अटळ होते, हा थॅचर यांच्या समर्थकांचा युक्तिवाद काही अंशी मान्य करता येतो. परंतु बंद झालेल्या कारखान्यांच्या जागी नवे काही उभारण्यासाठी तेलाचा पैसा होता आणि तो बेकारभत्ते भरण्यात व करकपातीत विरून गेला. त्याच समुद्राच्या पलीकडच्या काठावर नॉर्वेने 1990 मध्ये कायदा करून तेलाच्या उत्पन्नाचा राष्ट्रीय निधी स्थापला, 1996 पासून त्यात रक्कम भरली, आणि आज तो जगातला सर्वांत मोठा सार्वभौम निधी आहे. नॉर्वेची लोकसंख्या कमी आहे, त्यामुळे माणशी हिशेबाने ब्रिटनचा निधी तेवढा झाला नसता हे खरे. पण ब्रिटनने निधी काढलाच नाही.

तेलाच्या जोडीला विक्री आली. 1984 मध्ये दूरसंचार, 1986 मध्ये गॅस, 1989 मध्ये पाणीपुरवठा, 1990 च्या दशकात रेल्वे, आणि 1980 च्या कायद्याने इंग्लंडमधली सुमारे 20 लाख नगरपालिकांची घरे भाडेकरूंना सवलतीत विकली गेली. वडिलोपार्जित जमीन तुकड्या-तुकड्याने विकून दरसाल थाटात लग्ने लावणारी घराणी आपण पाहिलेली आहेत, तसाच हा प्रकार. खासगी कंपनी नेहमीच वाईट चालवते असे नाही आणि ब्रिटिश दूरसंचार खात्याची जुनी सेवा आठवणारे लोक खासगीकरणाला नावे ठेवत नाहीत. पाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या कंपन्या 1989 मध्ये सरकारने सारे कर्ज माफ करून सोपवल्या होत्या, त्यांना ना प्रतिस्पर्धी होता ना ग्राहक पळून जाण्याची भीती. आज त्यांच्यावर 60 अब्ज पौंडांहून अधिक कर्ज आहे, नद्यांत आणि समुद्रात सांडपाणी सोडल्याबद्दल लोक संतप्त आहेत, आणि लंडनला पाणी पुरवणारी थेम्स वॉटर ही कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली मोडकळीला आलेली आहे. मधल्या तीन दशकांत भागधारकांना लाभांश नियमित मिळत राहिले.

1986 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या शेअरबाजारावरचे जुने निर्बंध एका फटक्यात उठले आणि वित्तव्यवसाय हा राष्ट्राचा मुख्य कमावता झाला. टोनी ब्लेअर यांच्या मजूर सरकारनेही 1997 नंतर हीच व्यवस्था स्वीकारली. लंडनच्या सिटीतून, म्हणजे बँका आणि वित्तसंस्थांच्या भागातून, मिळणारा कर घ्यायचा आणि त्यातून उत्तरेकडच्या शहरांत शाळा, रुग्णालये व सरकारी नोकऱ्या पुरवायच्या. दहा वर्षे हे बरे चालले. 2007 च्या सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या, पुढच्या वर्षी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडला वाचवण्यासाठी सरकारला अब्जावधी पौंड ओतावे लागले, आणि ज्या उत्पन्नावर सारा डोलारा उभा होता ते आटले. त्याआधी दरसाल सुमारे दोन टक्क्यांनी वाढणारी कामगाराची उत्पादकता 2008 नंतर अर्ध्या टक्क्याच्या आसपास रेंगाळली. यात गूढ असे फारसे नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत गुंतवणुकीचे प्रमाण पाहिले तर जी-7 देशांत ब्रिटन बहुतेक वर्षे तळाशी आहे. तिथला मध्यमवर्ग आपली बचत घरात घालतो, कारण घराची किंमत वाढतेच, आणि ती वाढत राहावी यासाठी नवी घरे बांधू न देण्यात त्याच मध्यमवर्गाचे मत निर्णायक ठरते. मुंबईत राहणाऱ्या वाचकाला हे फार समजावून सांगण्याची गरज नाही.

आर्थिक घसरणीचे राजकीय घसरणीत रूपांतर कसे झाले हे समजायला बर्मिंगहॅम हे शहर पुरेसे आहे. 1873 ते 1876 या काळात जोसेफ चेंबरलेन तिथे महापौर होते. त्यांनी गॅस आणि पाण्याच्या खासगी कंपन्या नगरपालिकेकडे घेतल्या, गॅसच्या नफ्यातून शहराचा कायापालट केला आणि कारखानदारांचे हे शहर नगरपालिकीय कारभाराचा आदर्श म्हणून गाजले. गेल्या शतकात अशा शहरांचे अधिकार एकेक करून लंडनकडे गेले. 1986 मध्ये थॅचर सरकारने बृहन्‌लंडनची आणि मोठ्या महानगर-परिसरांची निर्वाचित मंडळे सरळ रद्दच केली. 2010 नंतर पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बॉर्न यांच्या काटकसरीच्या धोरणात सर्वांत मोठी कात्री स्थानिक संस्थांच्या अनुदानाला लागली. 2023 च्या सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने आपल्याकडे खर्च भागवण्याइतका पैसा नसल्याची अधिकृत नोटीस काढली. समान वेतनाचे जुने दावे आणि फसलेली संगणकप्रणाली ही तिथली तात्कालिक कारणे होती, त्यामुळे सगळा दोष लंडनचा म्हणता येणार नाही. पण ज्या शहराने एकेकाळी स्वतःच्या उत्पन्नावर स्वतःला घडवले, त्याच्याकडे आता स्वतःचे असे पुरेसे उत्पन्नच उरलेले नव्हते.

सगळे निर्णय एका जागी घेतले जातात तेव्हा ते झटपट घेता येतात आणि तितक्याच झटपट फिरवताही येतात. मजूर सरकारने 1999 मध्ये काढलेल्या प्रादेशिक विकास संस्था कॅमेरॉन सरकारने 2012 मध्ये गुंडाळल्या. थेरेसा मे यांनी 2017 मध्ये आणलेले औद्योगिक धोरण त्यांच्याच हुजूर पक्षाच्या पुढच्या सरकारने 2021 मध्ये टाकून दिले, आणि 2025 मध्ये मजूर सरकारने पुन्हा नवे धोरण जाहीर केले. ज्या कारखान्याची यंत्रे वसूल व्हायला वीस वर्षे लागतात, त्याच्या मालकाने यांतल्या कोणत्या धोरणावर विश्वास ठेवावा? निवडणूक पद्धतीनेही यात भर घातली आहे. 2024 च्या निवडणुकीत मजूर पक्षाला सुमारे 34 टक्के मते आणि 650 पैकी 411 जागा मिळाल्या. इतके मोठे बहुमत आणि इतका थोडा जनाधार असलेले सरकार कागदावर काहीही करू शकते, पण अप्रिय निर्णय घेताच त्याचे पाय लटपटतात.

या पार्श्वभूमीवर 2016 चे ब्रेक्झिट सार्वमत पाहिले पाहिजे. 51.9 टक्क्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये हे प्रमाण 69 टक्के होते, आणि युरोपच्या बाजारपेठेवर ज्याचा निस्सान कारखाना उभा आहे त्या संडरलंडमध्ये 61 टक्के. लंडनच्या सुशिक्षितांनी या मतदारांना अडाणी ठरवले. मला ते अडाणी वाटत नाहीत. आपल्या गावाचा कारखाना बंद झाला, दुकाने बंद झाली, बस बंद झाली आणि चाळीस वर्षांत कोणी विचारले नाही, असे ज्यांना वाटत होते त्यांच्या हाती पहिल्यांदाच असे मत आले होते ज्याने लंडनला धक्का बसेल. त्यांचे निदान बरोबर होते, औषध चुकीचे होते. युरोपीय संघाने स्टोकच्या भट्ट्या विझवल्या नव्हत्या, आणि संघातून बाहेर पडल्याने त्या पेटणारही नव्हत्या. ब्रिटनच्या स्वतंत्र अर्थसंकल्पीय कार्यालयाच्या अंदाजानुसार ब्रेक्झिटमुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे 4 टक्क्यांनी कमी राहील.

मुदतवाढ संपल्याची जाणीव राज्यकर्त्यांना 2022 च्या सप्टेंबरमध्ये रोखेबाजाराने करून दिली. नव्या पंतप्रधान लिझ ट्रस आणि अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी 23 तारखेला सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली आणि पैसा कुठून येणार हे सांगितले नाही. तीन दिवसांत पौंड डॉलरच्या तुलनेत इतिहासातल्या नीचांकाला गेला, निवृत्तिवेतन निधी कोसळण्याच्या भीतीने बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोखे विकत घ्यावे लागले, आणि ट्रस यांची कारकीर्द पन्नास दिवसांच्या आत आटोपली. त्यांच्यावर पुष्कळ विनोद झाले. परंतु करकपात केली की वाढ आपोआप येईल ही त्यांची श्रद्धा आणि सिटीच्या करांतून सर्व काही भागेल ही ब्लेअर आणि त्यांचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांची श्रद्धा, यांत प्रकाराचा फरक मला तरी फारसा दिसत नाही. दोन्हींमध्ये कारखाना, प्रशिक्षण, वीज, रेल्वे या कष्टाच्या गोष्टींना वळसा घालण्याचीच सोय होती.

पोलादाच्या बाबतीत हा हिशेब मुंबईच्या फोर्टमधल्या बॉम्बे हाऊस या टाटांच्या मुख्यालयापर्यंत येऊन पोहोचतो. 2007 मध्ये टाटा स्टीलने कोरस ही अँग्लो-डच कंपनी घेतली, तेव्हा आपल्याकडे तिचे वर्णन साम्राज्याला दिलेले प्रत्युत्तर असे झाले. प्रत्यक्षात टाटांच्या वाट्याला आल्या जुन्या भट्ट्या, विकसित देशांतल्या सर्वांत महाग विजेपैकी एक वीज आणि पुढच्याच वर्षी आलेली मंदी. वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटचा तोटा रोज दहा लाख पौंडांच्या घरात असल्याचे कंपनी सांगत होती. 30 सप्टेंबर 2024 रोजी तिथली शेवटची झोतभट्टी बंद झाली आणि दोन हजारांहून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या. तिच्या जागी भंगार वितळवून पोलाद करणारी विजेची भट्टी येणार आहे आणि तिच्या सव्वा अब्ज पौंडांच्या खर्चातले 50 कोटी पौंड सरकार देत आहे. त्याच दिवशी नॉटिंगहॅमजवळचे देशातले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्रही थांबले. ही दुसरी घटना हवामानाच्या दृष्टीने अभिमानाची आहे आणि तिची तयारी वर्षानुवर्षे झाली होती. पोलादाच्या बाबतीत अशी तयारी झाली नव्हती, म्हणूनच 12 एप्रिल 2025 रोजी, ईस्टरच्या सुटीत, शनिवारी संसद बोलावून स्कनथॉर्पचा चिनी मालकीचा पोलाद कारखाना सरकारी नियंत्रणाखाली आणण्याचा कायदा एका दिवसात मंजूर करावा लागला. ज्या देशाने जगाला पोलाद बनवायला शिकवले त्याला खनिजापासून पोलाद काढणाऱ्या आपल्या शेवटच्या दोन भट्ट्या विझू नयेत म्हणून ही धावपळ करावी लागली.

जर्मनीचीही आज दमछाक होते आहे, मग ब्रिटनलाच का दोष द्यायचा, असे कोणी विचारील. जर्मनी स्वस्त रशियन गॅसवर विसंबला आणि त्याची किंमत मोजतो आहे, हे खरे. तो या युक्तिवादाला अपवाद नाही, त्याचेच आणखी एक उदाहरण आहे. फरक एवढाच की जर्मनीकडे आजही कारखाने, कारागीर घडवणारी प्रशिक्षणव्यवस्था आणि स्वतःचा पैसा असलेली राज्ये आहेत, त्यामुळे दुरुस्तीला हात घालायला काहीतरी शिल्लक आहे.

ब्रिटनमध्ये दुरुस्तीची सुरुवात कुठे दिसत असेल तर ती लंडनबाहेर दिसते. 1986 मध्ये लंडन वगळता साऱ्या इंग्लंडमधली बससेवा खुल्या स्पर्धेवर सोडण्यात आली होती. फायद्याच्या मार्गावर बसची गर्दी आणि तोट्याच्या वस्तीत बसच नाही, असा तिचा परिणाम झाला. बृहन्‌मँचेस्टरने महापौर अँडी बर्नहॅम यांच्या कारकिर्दीत, कंपन्यांनी केलेले न्यायालयीन दावे जिंकून, 2023 पासून टप्प्याटप्प्याने सर्व बसमार्ग पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणले आणि जानेवारी 2025 मध्ये ते काम पूर्ण केले. एका कायद्याने मोडलेली व्यवस्था परत उभी करायला 38 वर्षे लागली आणि त्यासाठीही आधी लंडनकडून 2017 चा वेगळा कायदा मिळवावा लागला. त्याच मँचेस्टरमध्ये, जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत भरलेल्या आपल्या पक्षाच्या अधिवेशनात, पंतप्रधान ऋषी सुनक यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये लंडनहून येणाऱ्या वेगवान रेल्वेचा बर्मिंगहॅम ते मँचेस्टर हा टप्पा रद्द केला. शहरातल्या बस कुठून कुठे धावाव्यात हे आता मँचेस्टर ठरवते. शहरापर्यंत रेल्वे यायची की नाही, हे अजूनही लंडनच ठरवते.